जुन्या कलादालनाची दुरुस्ती: आधी काय काढायचं ते ठरवा, काय लावायचं ते नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात टिळकवाडीत एका संस्थेचं कलादालन, १९७० च्या आसपास बांधलेलं, दुमजली, उघड्या काँक्रीटचं, वरून उत्तरेचा उजेड घेणारं. आता छज्जाचे तुकडे पडायलेत, पावसाळ्यात मोठ्या हॉलमध्ये बादल्या ठेवायला लागतात. एक इंजिनियर म्हणतो पाडून नवीन बांधा. दुसरा म्हणतो वर पत्र्याचं शेड मारा, बाहेरून एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमची पॅनेलं, लावा, आतून फॉल्स सीलिंग करा, एकदम नवीन दिसेल. पैसे देणगीचे, तेही मोजकेच, कमिटीत दोन तट, आणि सेक्रेटरी विचारतायत की सुरुवात कुठून करायची.

मी याच पट्ट्यात, बेळगाव, खानापूर, निपाणी, जुन्या आरसीसी इमारतींच्या दुरुस्तीचीच कामं करत आलोय, शाळा, बँका, नाट्यगृहं वगैरे, त्यामुळे जरा लांबण लागेल, सावकाश वाचा.

पहिली गोष्ट, दोन्ही सल्ले सध्या बाजूला ठेवा. पाडा म्हणणाऱ्याने स्लॅबमधून एक तरी कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेला काँक्रीटचा गोल नमुना, काढलाय का विचारा. नसेल काढला तर तो अंदाज आहे, रिपोर्ट नाही. आणि एसीपीवाल्याचं काय, तो रोग झाकून देतो, मग आत सळई गंजत राहते आणि तुम्हाला पत्ता लागतो तो थेट पॅनेल फुगल्यावर. या वयाच्या इमारतींचं माझं सरळ निदान असं की मूळ बांधकामापेक्षा नंतर तीसचाळीस वर्षं त्यावर चढवलेल्या दुरुस्त्यांनीच जास्त घाण केलेली असते. म्हणून पहिली यादी करायची ती काय काढायचं याची. नवीन काय लावायचं ती यादी त्यातून आपोआप निम्मी होते, खर्चही.

गच्चीपासून सुरू करू, कारण तुमचा नव्वद टक्के त्रास तिथूनच असणार. गच्चीवर एका कोपऱ्यात फूटभर बाय फूटभर खड्डा घ्या, थेट स्लॅब लागेपर्यंत, आणि मेस्त्रीला सांगा एकेक थर वेगळा काढ, सगळं एकदम फोडू नको. बहुतेक ठिकाणी काय दिसतं सांगतो. वर चायना मोझॅक नाहीतर कुठलातरी रबरी पेंट, त्याखाली चार इंची ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, त्याखाली डांबराचा काळा वितळलेला थर, आणि त्याखाली अजून एक कोबा, हा मूळचा. म्हणजे गळलं की जुना न काढता वर नवीन घातला. आता हिशोब करा, चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला जवळजवळ १९० ते २०० किलो, आणि ज्या गच्चीवर माणसं जातात तिचं डिझाइन करताना आयएस कोडप्रमाणे, म्हणजे भारतीय मानकाप्रमाणे, जिवंत भार, म्हणजे माणसांचं-सामानाचं वजन, धरतात १५० किलो. म्हणजे त्या दुसऱ्या कोब्याने एकट्यानेच सगळी शिल्लक खाऊन टाकली, वर भिजला की अजून जड. मग स्लॅब थोडी वाकते, वाकली की उतार बिघडतो, उतार बिघडला की मध्ये तळं साचतं आणि आपण म्हणतो इमारत म्हातारी झाली. कोबे काढले की कित्येकदा स्लॅबला नुसता श्वास मिळतो बघा. पण काढताना ब्रेकर मशीन लावू द्यायचं नाही, छिन्नी-हातोडा नाहीतर फार तर छोटं चिपिंग मशीन, आणि काढलेला राडारोडा गच्चीच्या मध्यावर ढीग मारून ठेवायचा नाही, रोजच्या रोज खाली. कंत्राटदार हमखास ढीग मारतो, तेवढं लिहूनच घ्या.

दुसरं, पाणी जातं कुठून ते शोधा. त्या काळच्या आर्किटेक्टांना बाहेर पाइप दिसलेला आवडायचा नाही, म्हणून पावसाचे पाइप कॉलमच्या आत नाहीतर फिनच्या, म्हणजे बाहेर आलेल्या पातळ काँक्रीटच्या पट्ट्यांच्या, मागे घातलेले असतात. दिसायला एकदम स्वच्छ. पण पन्नास वर्षांनी तो पाइप आतल्या आत कुजतो, खुऱ्यापाशी, म्हणजे गच्चीवरचं पाणी पाइपात शिरतं तिथे, कबुतरांची घाण आणि पिंपळाचं रोप, आणि पाणी सरळ कॉलमच्या काँक्रीटमध्ये. हॉलमध्ये खाली जमिनीपाशी ओल दिसते आणि सगळे म्हणतात पायातून ओल चढतेय. अजिबात नाही, वरून उतरतेय. ड्रेनचा कॅमेरा आत सोडून बघा, बेळगावात आता मिळतो भाड्याने. पाइप गेलेला असेल तर त्याला तोंड बंद करून निवृत्त करा आणि बाहेरून नवीन पाइप द्या, मागच्या बाजूने, इमारतीच्या रेषा बघून. हा बाहेरचा पाइप मूळ आर्किटेक्टला आवडला नसता, ठीक आहे, चालतंय.

पत्र्याच्या शेडबद्दल एकदाच बोलतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो पाऊस लागतो त्यात घराघरावर पत्रा चढलाय, आणि घराला तो चालतो, मी विरोधात नाही. पण तुमच्या इमारतीवर नॉर्थ लाइट, म्हणजे छतातल्या उत्तरेकडच्या काचा, आहेत. पत्रा मारला की हॉल काळोखात, मग दिवसभर ट्यूबलाइट, म्हणजे ज्यासाठी इमारत बांधली तेच गेलं. शिवाय पत्र्याचे खांब पॅरापेटमध्ये अँकर मारून बसवतात, तिथून नवीन गळती.

आता काँक्रीट. आधी साधा हातोडा घेऊन एक मेस्त्री आणि एक पोरगा खडू घेऊन पूर्ण इमारत वाजवून काढू दे, छज्जे, फिन, बीमचे तळ. टण वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर खडूने गोल. स्वस्तातलं काम आहे पण मशीनच्या आधी हेच करा. त्यानंतर टेस्ट. फिनॉल्फ्थॅलीनची फवारणी ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर मारली की जिथे काँक्रीट अजून अल्कलाइन आहे तिथे गुलाबी होतं, जिथे कार्बोनेशन झालंय, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सळईला गंजण्यापासून वाचवणारा तो अल्कलाइनपणा गेलाय, तिथे रंगच येत नाही. तो बिनरंगाचा पट्टा किती मिलिमीटर आत गेलाय आणि सळई किती मिलिमीटरवर आहे, या दोन आकड्यांवर तुमचं अर्धं बजेट ठरतं. १९७८ च्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडमध्येसुद्धा स्लॅबला १५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, चालायचं, आणि त्या पातळ नाजूक फिनमध्ये साइटवर तेवढंही मिळालेलं नसतं. त्यात सळई टॉरची, पिळलेली, ती साध्या गोल सळईपेक्षा लवकर गंजते. गंजली की तिचं आकारमान कितीतरी पट वाढतं आणि ती कव्हर बाहेर ढकलते, तेच तुमचे पडणारे तुकडे.

रिबाउंड हॅमरच्या, म्हणजे पृष्ठभागावर आपटून कडकपणा मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्यांवर फार विसंबू नका, कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग उलट कडक होतो आणि हॅमर खोटं कौतुक करतो. अल्ट्रासॉनिकमध्ये काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडतात, त्यात सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर वेग आला तर काँक्रीट चांगलं समजतात, तीनच्या खाली संशयास्पद. हाफ सेल टेस्टमध्ये, जी सळईचा विद्युत दाब मोजते, उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे रीडिंग गेलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्के. हे सगळं आणि थोडे कोअर, एवढं हातात आलं की मगच पाडायचं की नाही यावर बोला. माझा अनुभव, बाहेरचे छज्जे आणि फिन खराब असतात, आतले कॉलम आणि मुख्य बीम बहुतेक वेळा ठणठणीत निघतात. आणि हो, टेस्ट करणारी एजन्सी तुम्ही नेमा, तिचे पैसे तुम्ही द्या. दुरुस्तीच्या कंत्राटदारानेच आणलेली नको.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त फसवणूक होते ती इथे: सळईच्या समोरचं तेवढं काँक्रीट काढायचं, ब्रश मारायचा, लाल रंग लावायचा आणि मसाला थापायचा. असं केलेलं तीन-चार पावसाळ्यांत परत उतरतं. सळईच्या मागेसुद्धा वीस-पंचवीस मिलिमीटर खोदायला पाहिजे, बोटं मागे फिरली पाहिजेत, चारी बाजूंनी चकचकीत होईपर्यंत घासायची, पॅचच्या कडा कटरने सरळ कापायच्या, मसाला कडेला शून्यावर आणून चोपडायचा नाही. सळई किती झिजली ते व्हर्नियरने मोजायचं आणि जास्त गेली असेल तर शेजारी नवीन सळई, हे स्ट्रक्चरल इंजिनियरने साइटवर येऊन ठरवायचं, फोटो बघून नाही.

मग येतो दिसण्याचा प्रश्न. उघड्या काँक्रीटवर पॅच दिसणारच. त्यावर सोपा उपाय म्हणून सगळे ग्रे पेंट मारतात, आणि फळ्यांच्या शटरिंगचे ठसे, जे त्या इमारतीचं खरं रूप आहे, ते गेले. त्यापेक्षा मागच्या भिंतीवर तीन वेगवेगळे नमुने करा, वेगळी वाळू, वेगळं सिमेंट, एकावर फळीचा ठसा उठवून, आणि ते एक पावसाळा भिजू द्या. ओल्या मसाल्याचा रंग बघून निर्णय घेतला की हमखास चुकतो. पूर्ण झाल्यावर पारदर्शक सिलेनचं कोटिंग, म्हणजे पाणी झिरपणार नाही. पॅच थोडा ओळखू येईल, येऊ दे.

उजेडाबद्दल एक गोष्ट सांगतो जी आपल्याकडे फार कमी लोक लक्षात घेतात. नॉर्थ लाइटमधून थेट ऊन येत नाही असं सगळे शिकतात, पण ते युरोपातलं गणित. बेळगाव साधारण पावणेसोळा अक्षांशावर आहे, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. जून-जुलैमध्ये ढग असतात म्हणून कळत नाही, पण मेमध्ये तुमच्या उत्तरेच्या काचेतून कडक ऊन भिंतीवर पडतं, आणि नेमकी मे महिन्यातच सुट्टीतली प्रदर्शनं लागतात. मेमध्ये दिवसभर तासातासाला हॉलमध्ये जाऊन उन्हाचा पट्टा कुठल्या भिंतीवर पडतो त्याचा फोटो काढून ठेवा. मग काचेला बाहेरून आडव्या फिन द्यायच्या, की आत पडदा, की यूव्ही फिल्म, ते ठरवता येतं. लक्स हे उजेड मोजायचं एकक, जलरंग आणि कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या आसपास, तैलचित्रांना १५० ते २०० लक्स एवढाच उजेड धरतात, आणि मेच्या उन्हात भिंतीवर त्याच्या कितीतरी पट पडतं. लक्स मीटर स्वस्त मिळतो, एक घेऊन ठेवा.

काच बदलताना घाई नको. लंडनची हेवर्ड गॅलरी १९६८ सालची, तुमच्याच वयाची म्हणा, तिच्या छतावर काचेचे ६६ पिरॅमिड आहेत आणि वरून उजेड घ्यायचा मूळ विचार होता तो कधी नीट जमलाच नव्हता, उलट गळती. २०१५ मध्ये बंद करून ते पिरॅमिड नव्याने केले, २०१८ मध्ये उघडली तेव्हा कुठे वरच्या दालनांत नैसर्गिक उजेड आला. म्हणजे मूळ आर्किटेक्टचा हेतू काय होता ते शोधायचं आणि तो आजच्या काचेने पूर्ण होतो का ते बघायचं, झाकून टाकायचं नाही. अमेरिकेत लुई कानने केलेलं येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट १९७७ चं, त्यांनी छतावरचे २२४ घुमट बदलायला २०२३ मध्ये इमारत बंद केली, पण त्याच्या कितीतरी वर्षं आधी, २०११ मध्ये, या इमारतीत काय बदललं तर चालेल आणि कशाला हात लावायचा नाही याचा पूर्ण आराखडा छापून ठेवला होता. तुम्हाला पुस्तक छापायची गरज नाही हो, चार पानी ठराव पुरे: फळीचे ठसे असलेलं काँक्रीट, नॉर्थ लाइट, जिना, मोझॅकची फरशी, स्टीलच्या खिडक्या, एवढं ठेवायचं. बाकी सगळं चर्चेला खुलं.

हा ठराव का, तर तुमच्या इमारतीला कायद्याचं कसलंच कवच नाही. दिल्लीत प्रगती मैदानावरचं राज रेवाल यांचं हॉल ऑफ नेशन्स, १९७२ चं, महेंद्र राज यांचं स्ट्रक्चर, जगभरात नाव असलेली इमारत, एप्रिल २०१७ मध्ये पाडली. साठ वर्षं झालेली नाहीत म्हणून वारसा यादीत घेता येत नाही, असं कारण निघालं. जनरल बॉडीत एकदा ठराव झाला की उद्या कमिटी बदलली तरी कोणी परस्पर एसीपीची ऑर्डर देत नाही.

फरशी आणि खिडक्यांवर थोडक्यात. मोझॅकवर व्हिट्रिफाइड बसवू नका, दीड-दोन इंच लेव्हल चढते, दरवाजे कापायला लागतात आणि जिन्याची पहिली पायरी बुटकी होते, माणसं अडखळतात. पॉलिश करा, पडलेल्या चिपा भरून घ्या, पुसून काढलं की फरशी बोलायला लागते. स्टीलच्या खिडक्या खालच्या पट्टीला गंजतात, वरचा भाग धडधाकट असतो, तेवढी खालची पट्टी कापून नवीन सेक्शन वेल्ड करणारे फॅब्रिकेटर आपल्याकडे उद्यमबागेत भरपूर आहेत. ॲल्युमिनियम स्लायडिंगची जाडी बघा आणि त्या बारीक स्टीलच्या रेषा बघा, फरक कळतो. फॉल्स सीलिंगमध्ये किंवा शेडमध्ये जुने सिमेंटचे करड्या रंगाचे पत्रे निघाले तर ॲस्बेस्टॉस समजूनच वागा, फोडू नका, ओले करून अख्खे उतरवा, मास्क लावून. वायरिंग पूर्ण नवीन, त्यात तडजोड नाही, पण उघड्या काँक्रीटमध्ये चर मारू देऊ नका, वरून जीआयचा पाइप सरळ रेषेत न्या. रॅम्प करणार असाल तर एकास बाराचा उतार, त्यापेक्षा उभा केला तर तो फक्त फोटोपुरता.

एसीचं म्हणाल तर आपल्याकडे खरा शत्रू पावसाळ्यातली दमट हवा. दिवसा एसी, रात्री बंद, असं केलं तर चित्रांना सगळ्यात जास्त त्रास, रोज आर्द्रता वरखाली. पूर्ण वेळ चालवायचं बिल परवडत नसेल तर फक्त स्टोअर रूमला डीह्युमिडिफायर चोवीस तास द्या, आर्द्रता साठच्या आसपास ठेवा, सत्तरच्या वर गेली की बुरशी. हॉलमध्ये पंखे आणि नीट वारा. बाहेरच्या भिंतीवर चित्र लावायचंच असेल तर मागे इंचभर ठोकळे देऊन लावा.

आता मॅनेजमेंट, जिथे खरी भांडणं होतात. चिपिंग सुरू होण्याआधी सगळी चित्रं बाहेर, फोटो आणि यादीसकट, दुसऱ्या कोरड्या जागेत, नुसतं प्लास्टिक टाकून हॉलच्या कोपऱ्यात नाही, धूळ कुठेही शिरते आणि प्लास्टिकखाली बुरशी येते. बर्लिनची नॉये नॅशनलगॅलरी, मीस व्हान डर रोहेची, तीही १९६८ ची, २०१५ ते २०२१ बंद होती. डेव्हिड चिपरफील्डच्या ऑफिसने तिथले जवळजवळ ३५ हजार भाग काढले, त्यांची नोंद केली, दुरुस्त केले आणि परत जागच्या जागी बसवले. आपलं काम त्याच्या नखाएवढं, पण सवय तीच लावा: दरवाज्याचं हँडल, दिव्याची शेड, जाळीचा ब्लॉक, काढलं की नंबर टाकून पोत्यात. नाहीतर आठ दिवसांत सगळं भंगारात जातं आणि मग तसं हँडल कुठे मिळत नाही.

कंत्राट लम्पसम, म्हणजे सगळ्या कामाचा एकच ठोक आकडा ठरवून, देऊ नका. दुरुस्तीत आत काय निघेल कोणालाच माहीत नसतं, लम्पसममध्ये एकतर तो डोळे झाकतो नाहीतर मध्येच काम सोडतो. आयटम रेट, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या कामाचा वेगळा दर, ठेवा, प्रत्येक पॅच फोडल्यावर आणि भरायच्या आधी तुमचा माणूस आणि कंत्राटदार दोघांनी मिळून मोजायचा, फोटो, दोघांची सही. बजेटच्या वर वीस टक्के वेगळे ठेवा आणि ते कमिटीला आत्ताच सांगून टाका. साइटवर निर्णय देणारा माणूस एकच, अध्यक्षांनी येता-जाता मेस्त्रीला सूचना द्यायच्या नाहीत. मेस्त्री कानडी, सुपरवायझर मराठी, कामगार राजस्थानी असं आपल्याकडे असतंच, त्यामुळे तोंडी सूचना तीन भाषांतून जाऊन वेगळीच होते. ड्रॉइंगवर रंगाने खूण करून भिंतीला चिकटवा, तेवढं सगळ्यांना कळतं.

नावाच्या बोर्डाचंही आधीच ठरवून ठेवा. नवीन बोर्डावर साठ टक्के कन्नड हा नियम आता आहे, तो पाळायचाच, पण म्हणून दर्शनी भागावर भलंमोठं फ्लेक्स फ्रेम ठोकायची गरज नाही, कंपाउंडवर वेगळा, मापातला बोर्ड करा. काँक्रीटमध्ये जुनी अक्षरं कोरलेली असतील तर ती फोडायला मेस्त्री पाठवण्याआधी वकिलाला एकदा विचारा, घाई दोन्ही बाजूंनी महाग पडते.

वेळापत्रक पावसाकडे बघून. पहिला पावसाळा फक्त बघण्यात घालवा, गळतं तिथे खडूने खूण, तारीख, पाऊस लागल्यावर किती वेळाने पाणी आलं ते. पाऊस लागल्या लागल्या गळलं तर जवळची भेग नाहीतर पाइप, दुसऱ्या दिवशी गळलं तर कोब्यात मुरलेलं पाणी. गणपती झाल्यावर टेस्ट आणि टेंडर, दिवाळीनंतर गच्ची. एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस येतो, त्याच्या आत वॉटरप्रूफिंग संपून दोन-तीन दिवस पाणी तुंबवून चाचणी झालेली पाहिजे. आतली कामं, वायरिंग, फरशी, रंग, ती पुढच्या पावसाळ्यात छताखाली आरामात होतात.

आणि पैसे निम्मेच जमले तर सगळीकडे थोडं थोडं करू नका. पडायला आलेले छज्जे, गच्चीवरचे जास्तीचे कोबे, पाण्याचे पाइप, नवीन वॉटरप्रूफिंग आणि वायरिंग, एवढं पूर्ण करा आणि थांबा. फरशी डागाळलेली राहिली, भिंतीवर पोपडे राहिले तरी चित्रं लागतात, लोक येतात. देणगीदाराला मात्र नवीन वॉटरप्रूफिंगवर नावाची पाटी लावता येत नाही म्हणून तो लॉबीच्या ग्रॅनाइटलाच पैसे देतो म्हणतो, हा अनुभव तुम्हालाही येईल. अशा वेळी त्याला शिडीने गच्चीवर न्या आणि तो फूटभराचा खड्डा दाखवा.